दीड इंचाची भिंत
(सामुदायिक रेडिओवर दिलेले भाषण)



पावसाचं पाणी साठवायला टाकी बांधायची ठरली, की गटाच्या बैठकीत पहिला प्रश्न ठरलेला असतो. “ताई, भिंत किती जाड घ्यायची? नऊ इंची की चौदा इंची?” आम्ही सांगतो, दीड इंच. मग सगळ्या एकमेकींच्या तोंडाकडे बघतात. एखादी मावशी बोलूनच दाखवते, “दहा हजार लिटर पाणी आणि दीड इंचाची भिंत? पोरगं टेकून बसलं तरी आडवी होईल की!”

आज त्या दीड इंचाबद्दल बोलायचं आहे. आमच्या गटाची पहिली टाकी भिंतीतच गळली होती. ती का गळली आणि पुढच्या टाक्या का गळल्या नाहीत, हे तुम्हाला सांगितलं तर तुमचे पैसे आणि तुमचे कष्ट वाचतील.

आधी टाकी कशाला, ते थोडक्यात. आमचं गाव पारनेर तालुक्यात. वर्षाला पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आसपास. कमीच आहे, पण हिशोब करून बघा. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला, की एक लिटर पाणी होतं. चारशे चौरस फुटांचं पत्र्याचं घर म्हणजे 37 चौरस मीटर छप्पर. त्यावर वर्षात साडेअठरा हजार लिटर पाणी पडतं. उडालेलं, सांडलेलं, पहिल्या पावसाचं सोडून दिलेलं वजा केलं तरी पंधरा हजार लिटर हाताशी येतं. पाच माणसांच्या घराला पिण्याला आणि स्वयंपाकाला दिवसाला 40 लिटर धरलं, तर दहा हजार लिटरची एक टाकी 250 दिवस पुरते. अकोले तालुक्यात घाटघर, रतनवाडीकडे तर पाऊस धो धो कोसळतो, पण डोंगरावरून सगळा वाहून जातो आणि उन्हाळ्यात तिथल्या बायकाही हंडा घेऊन वणवण करतात. म्हणजे पाऊस कमी असो की जास्त, पाणी धरून ठेवणारी भिंत लागतेच.

पाणी भिंतीला कसं ढकलतं

एक जुना पत्र्याचा डबा घ्या. खिळ्यानं त्याला एकाखाली एक तीन भोकं पाडा आणि डबा पाण्यानं भरा. वरच्या भोकातून धार लुळी पडते, मधल्यातून जरा जोरात, आणि खालच्यातून सगळ्यात जोरात. पाणी जितकं खोल, तितका त्याचा दाब जास्त. टाकीतही तेच होतं.

आमची टाकी आठ फूट रुंद आणि सात फूट उंच असते. त्यात साधारण दहा हजार लिटर पाणी बसतं. पाण्याचं वजनच दहा टन. अगदी तळाशी भिंतीच्या दर चौरस फुटावर जवळजवळ दोनशे किलोचा रेटा येतो. म्हणजे ज्वारीची दोन पोती एका फरशीएवढ्या जागेवर आडवी दाबून धरल्यासारखं. आणि हा रेटा रात्रंदिवस असतो.

आता कुणी म्हणेल, आपल्या आडांच्या आणि बारवांच्या भिंती नुसत्या दगडांच्या असतात, त्या शेकडो वर्षं कशा टिकल्या? आपल्या जिल्ह्यातल्या चौंडीत जन्मलेल्या अहिल्यादेवींनी बांधलेल्या बारवांचे दगड अजून जागचे हललेले नाहीत. बरोबर आहे. पण तिथला रेटा उलटा असतो. बारवेत बाहेरची माती भिंतीला आत ढकलते. दगड एकमेकांवर दाबले जातात आणि दाबलं की दगड आणखी घट्ट बसतो. जमिनीवरच्या टाकीत पाणी आतून बाहेर ढकलतं आणि भिंतीच्या पाठीशी माती नसते. दगड-विटांना एकमेकांपासून दूर ओढलं की त्यांचे सांधे सुटतात. म्हणून विहिरीसारखी दगडी भिंत जमिनीवर टाकीसाठी चालत नाही आणि नुसती जाड वीट घेऊनही काम भागत नाही.

मग गोल भिंत काय करते? भोंडल्याचा फेर आठवा. आपण दहा-बाराजणी हात धरून गोल उभ्या राहतो. समजा सगळ्यांनी एकदम मागे रेललं, तर कुणी पडतं का? नाही. प्रत्येकीला शेजारणीनं धरलेलं असतं. सगळा भार हातांवर येतो, दंड ताणले जातात. टाकीची भिंत असाच फेर धरून उभी असते. पाणी तिला बाहेर रेलायला लावतं आणि तिच्या पोटातलं लोखंड हात धरून राहतं. आमच्या टाकीत तळाजवळच्या एक फूट उंचीच्या पट्ट्याला सातशे किलोच्या पुढची ओढ बसते. ही ओढ सहन करायची म्हणजे जाडी नव्हे, पकड हवी. आणि फेरात एकीचा जरी हात सुटला तरी सगळ्याच पडतात, हेही लक्षात ठेवा. टाकीत हात सुटायची जागा म्हणजे सांधा.

चौकोनी टाकीत फेर नसतो. सरळ भिंत मधोमध फुगते आणि कोपऱ्यात फाटते. त्यामुळे तेवढ्याच पाण्याला तिथे जास्त लोखंड आणि जास्त जाडी लागते.

सिमेंटचं एक वैशिष्ट्य आहे. दाबलं तर ते खूप भार सोसतं, ओढलं की लगेच तडकतं. लोखंडाच्या तारेला ओढ सहज सोसते. म्हणून तारेची जाळी आणि वर सिमेंटचं लिंपण अशी जोडी जमवायची. याला फेरोसिमेंट म्हणतात. फ्रान्समध्ये जोसेफ लुई लांबो नावाच्या माणसानं 1848 मध्ये अशी जाळी लिंपून चक्क नाव बनवली होती. थायलंडमध्ये 1980 च्या दशकापासून खेडोपाडी पावसाच्या पाण्याचे सिमेंटचे रांजण लाखांनी झाले. पण आपल्याला हे काही परकं नाही. तुरकाठ्यांची कणगी विणून ती शेणामातीनं लिंपायची, कुडाची भिंत सारवायची, हे आपल्या आज्यांचंच काम. इथे काडीच्या जागी तार आली आणि शेणाच्या जागी सिमेंट.

आमची पहिली टाकी का गळली

गटातल्या एका ताईनं गटातून कर्ज घेऊन टाकी बांधायचं ठरवलं. आम्ही काम शिकलो होतो, हौस होती. एप्रिल महिना होता. पाण्याची टंचाई डोळ्यांसमोर दिसत होती, म्हणून घाई केली.

पहिल्या दिवशी जाळीवर लिंपण सुरू केलं आणि गुडघ्याएवढ्या उंचीपर्यंत येईतो अंधार पडला. तिथेच सरळ रेषेत थांबलो. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या वाळलेल्या कडेवरच पुढचं लिंपण चढवलं. तीन दिवस पाणी मारलं. चौथ्या दिवशी गावात लग्न होतं आणि त्याच आठवड्यात टँकरही आला नाही. प्यायला पाणी नाही, भिंतीला कुठून आणायचं? भिंत वरून पांढरी, टणक दिसत होती. आम्हाला वाटलं, झालं काम.

जुलैत टाकी अर्धी भरली आणि गुडघ्याच्या उंचीवर बरोबर रेषेत ओल आली. दोन दिवसांत पाणी पाझरू लागलं. आठवड्यात टाकी त्या रेषेपर्यंत रिकामी झाली. गावात बोलणं सुरू झालं, “बायकांनी गवंडीकाम केलं की असंच व्हायचं.” त्या ताईचा हप्ता मात्र दर महिन्याला चालूच होता. गळक्या टाकीचा हप्ता भरताना तिचा चेहरा आम्हाला बघवत नव्हता.

गटाची बैठक घेतली. चूक सगळ्यांची होती, म्हणून दुरुस्तीचा खर्च गटानं उचलला आणि मजुरी कुणीही घेतली नाही. त्या रेषेवरचं लिंपण खाली-वर वीतभर खरवडून जाळी उघडी केली. तेव्हा दिसलं, की जाळी शाबूत होती. तिनं हात सोडला नव्हता. दोन दिवसांच्या लिंपणाचा सांधा एकजीव झाला नव्हता आणि उन्हात तहानलेल्या सिमेंटला बारीक चिरा गेल्या होत्या. सिमेंटची पातळ पेज लावली, जाळीचा जादा पट्टा बांधला, पुन्हा लिंपलं आणि या वेळी पंधरा दिवस भिंत ओली ठेवली. आजही त्या टाकीत पाणी आहे.

आता आम्ही भिंत कशी उभी करतो

पहिली गोष्ट, वेळ. टाकी टंचाईत बांधायची नाही. दिवाळी झाली की बांधायची. तेव्हा विहिरीला पाणी असतं, ऊन सौम्य असतं आणि पावसाळ्याआधी भिंत पुरती पिकलेली असते. सुगीची गडबड असते हे खरं, पण तेवढी तजवीज करायचीच.

दुसरी, जागा. भरावाच्या मातीवर टाकी बसवू नका. काळ्या रानात तर फार जपा. काळी माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते, आणि तिच्यासोबत टाकीचा तळ हलतो. ती माती मुरूम लागेपर्यंत काढायची, दगडाचं सोलिंग आणि मुरूम धुम्मस करून बसवायचा आणि वर नऊ फूट रुंदीचा काँक्रीटचा तळ घालायचा. तळ पाणसळीत हवा. पारदर्शक नळीत पाणी भरून चारही बाजूंनी पातळी तपासा. तळ एका बाजूला कलला, तर पाणी त्या बाजूला जास्त खोल होतं आणि भिंतीवर ओढही असमान पडते. भिंतीच्या उभ्या सळया तळाचं काँक्रीट ओलं असतानाच त्यात रोवून घ्यायच्या.

तिसरी, सांगाडा. आठ फूट रुंदीच्या टाकीचा घेर 25 फूट भरतो. जाळी 26 फूट कापायची, म्हणजे सांध्याला एक फूट चढ मिळतो. वेल्डमेशचा गोल उभा करून उभ्या सळयांना बांधायचा. त्याला सहा मिलिमीटर सळईची कडी घालायची. खालच्या तीन फुटांत दर सहा इंचांवर एक आणि त्याच्या वर दर फुटाला एक. डब्याची खालची धार आठवा, म्हणजे खाली दाट का ते कळेल. प्रत्येक कड्याचा सांधा एक फूट चढवून बांधायचा आणि सगळे सांधे एकाखाली एक येऊ द्यायचे नाहीत. फेरातल्या सगळ्या कच्च्या पकडी एकाच जागी कशाला आणायच्या? मग आतून एक आणि बाहेरून एक कोंबडी जाळी ताणून, वीतभर अंतरावर तारेनं आवळून घ्यायची. जाळी सैल राहिली तर ओढ बसेपर्यंत सिमेंट तडकलेलं असतं. तोटीचा आणि वरच्या सांडव्याचा पाइप याच वेळी बसवायचा. नंतर भिंत फोडून पाइप घालणं म्हणजे गळतीला आमंत्रण.

ही मापं आमच्या सात फुटी टाकीची आहेत. टाकी उंच किंवा रुंद केली की ओढ वाढते, तेव्हा मापं अभियंत्याकडून घ्या. अंदाजानं वाढवू नका.

चौथी, माल. एक घमेलं सिमेंटला तीन घमेली चाळलेली वाळू. वाळू तळहातावर चोळून बघा. हात मातकट झाला, तर ती धुऊन घ्या. पन्नास किलोच्या गोणीला वीस ते बावीस लिटर पाणी पुरतं. जास्त पाणी घातलं की लिंपायला सोपं जातं, पण पुढे त्या पाण्याची जागा पोकळ राहते आणि भिंत पाझरते. माल मुठीत दाबला तर लाडू वळला पाहिजे आणि बोटांतून पाणी गळता कामा नये. थोडा थोडा कालवा आणि तासाभरात संपवा. सेट होऊ लागलेला माल पाणी घालून पुन्हा मऊ करू नका. भिंतीला साधारण सहा-सात गोण्या सिमेंट लागतं. हातात रबरी मोजे घाला, सिमेंटनं कातडी सोलते.

पाचवी, लिंपण. आतून एकीनं फळी धरायची आणि बाहेरून दुसरीनं माल जाळीत दाबायचा. नुसता फासायचा नाही, दाबायचा, म्हणजे तारेमागे पोकळी राहत नाही. पहिला थर पूर्ण गोल, खालपासून वरपर्यंत एकाच दिवशी संपवायचा. म्हणून आम्ही आता सहाऐवजी दहाजणी जातो आणि पहाटेच सुरुवात करतो. दुसरा थर दुसऱ्या दिवशी, पहिला ओला करून आणि खरडून. तार कुठेही उघडी दिसता कामा नये, गंज तिथूनच शिरतो. तळ आणि भिंत जिथे मिळते, तिथे आतून चांगला गोला मारायचा, कारण सगळ्यात जास्त दाब त्याच कोपऱ्यात असतो.

सहावी, आणि सगळ्यात मोठी, पाणी मारणं. मैत्रिणींनो, सिमेंट वाळून घट्ट होत नाही. ते पाणी पिऊन घट्ट होतं. पाणी तुटलं की त्याचं पिकणं थांबतं. भिंतीला गोणपाट गुंडाळून किमान चौदा दिवस ते सतत ओलं ठेवायचं. दिवसाला चार-पाच हंडे लागतात. आम्ही चौदा दिवसांची पाळी वहीत लिहितो, जिची पाळी तिची सही. लग्न असो की बाजार, सही चुकत नाही.

भरून बघितल्याशिवाय विश्वास नको

अमेरिकेतल्या बॉस्टन शहरात 15 जानेवारी 1919 रोजी मळीची एक भली मोठी लोखंडी टाकी फुटली. आपल्याकडे कारखान्यांवर मळीच्या टाक्या असतात, तशीच, पन्नास फूट उंच. मळीची लाट रस्त्यावर आली आणि 21 माणसं दगावली. पुढे चौकशीत समजलं, की भिंतीचा पत्रा त्या दाबाला पातळ होता आणि टाकी वापरात आणण्याआधी तिची चाचणी फक्त सहा इंच पाणी घालून घेतली होती. पन्नास फुटांच्या टाकीला सहा इंच!

म्हणून आपली टाकी टप्प्यानं भरा. आधी एक तृतीयांश, मग दोन तृतीयांश, मग पूर्ण. प्रत्येक वेळी आत खूण करून एक दिवस थांबा आणि बाहेरून हात फिरवून ओल बघा. नवी भिंत सुरुवातीला थोडं पाणी पिते. पण खूण रोज खाली सरकत असेल, तर टाकी रिकामी करून दुरुस्ती करा, लांबणीवर टाकू नका. उन्हाळ्यातही टाकी कोरडी ठणठणीत करू नका. तळाला वीतभर पाणी राहू द्या, नाहीतर भिंत आक्रसून तडकते. झाकण पक्कं हवं, कुलपासकट. लेकराबाळांचं घर आहे.

तयार भिंतीची टाकी घेणाऱ्या गटांसाठी

काही गट प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजना 2020 मध्ये आल्यापासून बायोफ्लॉक मत्स्यपालनाची चौकशी करतात. त्यात जाळीच्या गोलात ताडपत्रीची टाकी उभी करतात. कृषी पर्यटन केंद्रांवर मुलांसाठी जमिनीवर मांडायचा पोहण्याचा हौद असतो, त्याची भिंत म्हणजे पत्र्याचा एक लांबलचक पट्टा. तो मिलिमीटरभरही जाड नसतो, तरी हौदभर पाणी धरतो, कारण तोही फेर धरून असतो. नियम तेच. जमीन पाणसळीत हवी. पट्ट्याची दोन टोकं जिथे जुळतात, तिथला एकही बोल्ट सोडायचा नाही. वाऱ्याच्या दिवशी पत्रा उलगडायचा नाही, तो वाऱ्यानं लोळतो आणि कडेनं हात कापतो. आतल्या कडेनं वाळूचा गोला करून मगच प्लास्टिक अंथरायचं, नाहीतर पाणी त्याला भिंतीखालून बाहेर ढकलतं. भिंत उभी झाली की रिकामी ठेवायची नाही, लगेच थोडं पाणी सोडायचं.

शेवटी एक सांगतो. बांधकामावर बाई गेली की ती बिगारी. घमेलं तिनं वाहायचं आणि थापी गड्यानं धरायची, मजुरीतही तेवढाच फरक. आमच्या गटातल्या ज्या बायका थापी धरायला शिकल्या, त्यांना आता शेजारच्या गावांतून बोलावणं येतं आणि त्या गवंड्याची मजुरी मागून घेतात. पहिली टाकी गळली म्हणून थापी ठेवून दिली असती, तर हे झालं नसतं. आणि ज्या ताईची टाकी गळली होती, तीच आता प्रत्येक नव्या टाकीवर पाणी मारायच्या पाळीची वही सांभाळते. तिच्या वहीत एकही जागा कोरी नसते.

या दिवाळीनंतर तुमच्या गटात टाकीचा विषय निघाला आणि कुणी भिंतीची जाडी विचारली, तर तिला दीड इंच सांगा आणि फेर धरून दाखवा. पुढचं तिला आपोआप कळेल.